सतरावं काडतूस

आबांच्या वहीत सतरा लिहिलं होतं. पेटीत सोळा होती. मी तीनदा मोजली, मग चार-चारच्या रांगा लावून पुन्हा मोजली. सोळाच.

त्या जूनपर्यंत मी काडतुसाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आबा फौजेतून पेन्शनवर आले आणि नंतर वीस वर्षं एका बँकेच्या दारात गनमॅन म्हणून उभे राहिले, स्वतःच्या परवान्यावरची बारा बोरची डबलबार घेऊन. ट्रॉम्ब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ती बंदूक आहे, एवढंच मला ठाऊक होतं. निवडणूक आली की नोटीस यायची, आबा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे आणि निवडणूक संपली की परत घेऊन यायचे. काडतुसं कुठे असतात, किती असतात, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. ते आबांचं खातं होतं.

मग आबा विसरायला लागले. आधी बसचा नंबर, मग आईच्या वर्षश्राद्धाची तिथी. डॉक्टरांनी डिमेन्शियाचं निदान केलं, गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी विचारलं, "घरात धारदार काही, विषारी औषधं, हत्यार?" मी "हो" म्हणाले आणि तिथेच माझ्या हातापायांतलं बळ गेलं. घरात माझा नऊ वर्षांचा मुलगा होता.

घरी येऊन आबांना म्हटलं, "आबा, मला पेटी दाखवा." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गळ्यातल्या तुळशीच्या माळेबरोबर बांधलेली किल्ली काढून दिली.

त्यांनी सगळं किती विचारानं ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बंदूक लोखंडी कपाटात, नळ्या दस्त्यापासून सोडवून दोन वेगळ्या कापडांत. कपाटाची किल्ली दुसरीकडे. काडतुसं आतल्या खोलीत, पलंगाखालच्या कुलपाच्या पेटीत, जमिनीला न टेकवता दोन लाकडी पट्ट्यांवर. एका हाताला दोन्ही गोष्टी एकदम लागू नयेत, अशी ती मांडणी. पेटीत परवान्याची प्रत आणि ती वही. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं जवळ बाळगता येतील आणि वर्षाला किती विकत घेता येतील, ते लिहिलेलं असतं. वहीत दर महिन्याच्या एक तारखेला शिल्लक आणि खाली सही. शेवटची नोंद फेब्रुवारीची. सतरा.

मी एक काडतूस हातात घेतलं. लाल प्लॅस्टिकची नळी, अंगठ्यापेक्षा जाड, खाली पितळी बूड, बुडाच्या मधोमध वाटाण्याहून लहान गोल टोपी. बुडावर इंग्रजीत 'केएफ' कोरलेलं. आबा मागून म्हणाले, "खडकी फॅक्टरी." पुण्याजवळची ती अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण काडतुसाची चकती न् चकती ते सांगत होते. टोपीवर घाव बसला की ठिणगी, ठिणगीनं दारू पेटते, दारूचा वायू मधल्या बुचाला ढकलतो आणि बूच छर्र्यांना. बारा बोर कशाला म्हणायचं? एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे करायचे. त्यातला एक गोळा जेवढा, तेवढी नळीची रुंदी. माझ्या बी.कॉम.च्या डोक्याला हे सगळं नवीन होतं, आणि माझी भीती त्या माहितीनं कमी होत गेली, हे मी मनापासून सांगते. काय आहे ते न कळणं जास्त भयंकर होतं.

दोन काडतुसांच्या पितळेवर हिरवा कळंक धरला होता. खाडीची हवा, आमच्याकडे खिडकीचे गजसुद्धा दोन पावसाळे टिकत नाहीत. मी शिलाई मशीनचं तेल लावलेलं फडकं घेतलं. आबांनी माझं मनगट धरलं. "तेल नाही, पोरी. टोपीत मुरतं. मग काडतूस ऐन वेळी फुटत नाही, किंवा उशिरा फुटतं." उशिरा फुटणं वाईट, कारण माणूस फुसकं समजून बंदूक उघडायला जातो. कोरडं फडकं, घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, एवढंच करायचं. आणि कळंक धरलेली दोन बाजूला, चिठ्ठी लावून.

पण सतरावं कुठे होतं? "सतराच आहेत. मी मोजलीत," आबा चिडून म्हणाले. त्या चिडण्यात मला पहिल्यांदा त्यांची भीती दिसली.

मी सगळं घर उपसलं. मुलाचं दप्तर, खेळण्यांची टोपली, पिठाचे डबे. एका ओळखीच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, उरलेलीही जेट्टीवरून खाडीत टाकून दे, कटकट मिटेल. दुसऱ्यानं कचऱ्याच्या गाडीत टाकायला सांगितलं. आमचा कचरा देवनारच्या कचराभूमीवर जातो. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या कचऱ्याच्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर आम्ही दिवसचे दिवस गिळला आहे. तिथे उन्हातान्हात पितळ-तांबं वेचणारी माणसं आहेत, त्यांच्यात पोरंही असतात. पितळी बूड दिसलं की कुणीतरी ते दगडावर ठेवून ठोकणार. मला हे सुचवणाऱ्यांचा राग आला, अजूनही येतो.

चौथ्या रात्री मला मार्चमधली एक पहाट आठवली. आबा खाकी कोट चढवून दारात उभे होते. "ड्यूटी आहे." मी समजूत घालून कोट उतरवला, घडी केली, गोधडीत गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावर टाकला. मी स्वतः.

रात्री दोनला स्टुलावर चढून गोधडी उतरवली. कोटाच्या उजव्या खिशात ते होतं. त्यांनी पेटी उघडून एक काडतूस घेतलं असणार. कपाटाची किल्ली सापडली नसेल, किंवा कपाट आठवलंच नसेल. तीन महिने ते कापसाच्या गोधडीत, गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर होतं.

एकटं काडतूस आगीत सापडलं तर बंदुकीतून सुटल्यासारखे छर्रे सुटत नाहीत, कारण दाब धरून ठेवायला नळी नसते. पण ते फाटतं, आणि पितळेचा तुकडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. हे आबांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. १४ एप्रिलला आमच्याकडे बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघते, आणि त्याच दिवशी दरवर्षी आबा मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाची हकिकत सांगायचे. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या गाठी. आग कापसात लागली. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. "दारूगोळ्याशेजारी पेटणारं काही ठेवायचं नाही," असं ते दर वर्षी म्हणायचे. इथून जवळच नौदलाचं शस्त्रागार आहे. दारूगोळ्याची कोठारं एकमेकांपासून लांब बांधतात, मध्ये मातीचे बांध घालतात, तेही आबांनीच सांगितलेलं. आणि मी गोधडीत काडतूस गुंडाळून झोपत होते.

सकाळी मी रिकाम्या हातानं पोलीस ठाण्यात गेले, फक्त परवान्याची प्रत घेऊन. हे मी बरोबर केलं. परवाना नसलेल्या माणसाजवळ काडतूस सापडणं हाच गुन्हा आहे. कायदा सूट देतो ती परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारानं, आणि तीही ठरावीक कामांपुरती. हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करता येतं, असं मला सांगण्यात आलं. तोवर पेटीला नवं कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. मुलाला समोर बसवून काडतूस लांबून दाखवलं. असं कुठेही, कुणाच्याही घरी दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. लपवून ठेवलेली वस्तू पोरं शोधून काढतातच.

तीन दिवसांनी आबा चांगल्या मनःस्थितीत होते. कडक इस्त्रीचा शर्ट घातला. बंदूक सुटी करून कापडात, काडतुसं वेगळ्या पिशवीत, आणि आम्ही दोघं टॅक्सीनं गेलो. टेबलावर आबांनी स्वतः काडतुसं मांडली. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक. कळंकलेली दोन वेगळी. सतरा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पावती चष्मा लावून पूर्ण वाचली, मगच सही केली.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ते सकाळीच वही घेऊन पलंगावर बसले आणि पेटी मागू लागले. मी पेटी ओढून उघडली. आत फक्त पावती. त्यांनी ती वाचली, तारीख पाहिली, पुन्हा वाचली. मग पेन मागितलं. '१७, जमा' असं लिहिलं आणि खाली नेहमीची सही केली.