याबानची मॅच

परदेशात राहणाऱ्या माणसाला टीव्हीची सोबत लागते. कोकणातून आखातात गेलेल्या आमच्या दोन-तीन पिढ्यांना हे वेगळे सांगायला नको. ड्युटी संपली, नमाज झाली, जेवण झाले की खोलीत उरतो तो माणूस आणि टीव्ही. कुणी मालिका बघतो, कुणी गावाकडच्या पावसाच्या बातम्या. मी दोहात नोकरीला होतो तेव्हा जपानच्या फुटबॉलच्या मॅच बघायचो. सुट्टीवर गावी आल्यावर हे सांगितले की लोक हसायचे. चिपळूण तालुक्यातला माणूस, पगार कतारचा आणि जीव जपानच्या टीममध्ये! तिथे ना कुणी नातेवाईक, ना ती भाषा येते.

पण कतार आणि जपान यांचे नाते जुने आहे आणि ते गॅसचे आहे. कतारचा द्रवरूप वायू घेऊन पहिले जहाज १९९६ च्या अखेरीस निघाले ते जपानसाठीच. रास लफानचे गॅसचे कारखाने उभारण्यात जपानी कंपन्यांचा मोठा वाटा होता. अशाच एका कामावर मी स्टोअरमध्ये होतो. आमच्या साइटवरच्या एका जपानी इंजिनियर साहेबांना वाटायचे, माझे नावच ‘भाई’ आहे, कारण सगळे मला त्याच नावाने हाक मारत. त्यात त्यांनी आपल्याकडचा आदर मिसळला आणि मी ‘भाई-सान’ झालो. फुटबॉलचे वेड मला लावले ते त्यांनी.

कॅम्पच्या हॉलमध्ये एक मोठा टीव्ही होता. मॅच अरबी चॅनलवर लागे. जपानला अरबीत ‘अल-याबान’ म्हणतात. समालोचक आवाज चढवून ‘याबान, याबान’ करू लागला की गोल जवळ आला, एवढे कळायचे. बाकी डोळ्यांनी बघायचे. छोटे छोटे पास, एकाने धावून दुसऱ्यासाठी जागा मोकळी करायची, रेफ्रीशी फारशी हुज्जत नाही, मॅच संपल्यावर हरोत की जिंकोत, सगळ्यांनी ओळीने उभे राहून प्रेक्षकांपुढे वाकायचे. हॉलमध्ये मलबारी, बंगाली, मिसरी, पाकिस्तानी असे सगळे असायचे. मी जपानकडून का, असे मला कुणी कधी विचारले नाही.

मला जपान आवडायचे त्याचे खरे कारण हेच होते, असे आज वाटते. ‘तू कुणाकडून?’ हा प्रश्न आपल्या वाचकांना ओळखीचा आहे. १८ एप्रिल १९८६ ला शारजात भारत-पाकिस्तान अंतिम सामना होता. आमच्या बाजारपेठेत एका दुकानासमोर टीव्ही ठेवला होता आणि अर्धे गाव जमले होते. निघताना अब्बा मला म्हणाले होते, “विकेट पडली की टाळी जरा मोठ्यानं वाजव.” मी शाळकरी पोर. मला कळेना, टाळी तर मी वाजवणारच होतो, ती मोठ्याने का? शेवटच्या चेंडूला चार धावा हव्या होत्या. जावेद मियाँदादने चेतन शर्माला षटकार मारला. सगळे गप्प झाले. मग कुणीतरी आमच्याकडे वळून म्हणाले, “काय, आज बिर्याणी का?” बोलणारा वाईट माणूस नव्हता. ईदला तो आमच्याकडे शिरखुर्मा प्यायला यायचा. पण त्या दिवसापासून मॅच म्हणजे परीक्षा झाली. मैदानात खेळाडू खेळायचे आणि टीव्हीसमोर आमचे पेपर तपासले जायचे.

याबानच्या मॅचला पेपर नव्हता, म्हणून तिथे टाळी मनापासून वाजायची.

दोहा हे नाव जपानी माणसाच्या मनात कुठे रुतले आहे, तेही इंजिनियर साहेबांनीच सांगितले. २८ ऑक्टोबर १९९३ ला याच शहरात जपान इराकविरुद्ध २-१ ने पुढे होता. शेवटची शिट्टी वाजली असती तर जपान प्रथमच वर्ल्ड कपला गेला असता. जादा वेळेत इराकने कॉर्नरवरून गोल केला, २-२ झाले आणि जपानऐवजी दक्षिण कोरिया अमेरिकेला गेला. जपानी लोक त्याला ‘दोहाची शोकांतिका’ म्हणतात. त्या रात्री मैदानात हाजिमे मोरियासू नावाचा एक खेळाडू होता. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

जानेवारी २०११ मध्ये आशिया कप दोहातच भरला. भारतही १९८४ नंतर प्रथमच त्यात होता. ऑस्ट्रेलियाकडून ४-०, बहरीनकडून ५-२, कोरियाकडून ४-१ असे आपण हरलो, तरी सुनील छेत्रीच्या गोलला आमच्या हॉलचे छप्पर उडायची वेळ आली होती. अंतिम सामना २९ जानेवारीला झाला, जपान आणि ऑस्ट्रेलिया. दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्युटी होती, म्हणून शहरातली मॅच आम्ही टीव्हीवरच पाहिली. मध्यंतराच्या सुमारास इशाची अजान झाली, आम्ही जमाअत उरकून पुन्हा येऊन बसलो. नव्वद मिनिटे कोरडी गेली. जादा वेळेत, १०९ व्या मिनिटाला, डावीकडून नागातोमोचा क्रॉस आला. गोलसमोर बदली खेळाडू एकटाच मोकळा उभा होता. चेंडू जमिनीवर पडू न देता त्याने डाव्या पायाने जाळ्यात मारला. जपान १-०, आणि कप जपानचा.

त्या खेळाडूचे नाव तादानारी ली. ‘ली’ हे आडनाव जपानी नाही, कोरियन आहे. मी साहेबांना त्याबद्दल विचारले. ते थोडे थांबून म्हणाले, “भाई-सान, ती मोठी गोष्ट आहे.”

गोष्ट खरोखरच मोठी आहे. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात लाखो कोरियन जपानमध्ये आले, काही पोटासाठी, काही सक्तीने. युद्धानंतर बरेच परतले, बरेच तिथेच राहिले. त्यांची मुले-नातवंडे जपानमध्येच जन्मली, जपानीच बोलतात, पण त्यांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही. पुष्कळजण बाहेर जपानी नाव लावतात आणि खरे नाव घरात ठेवतात. हे वाचताना मला मुंबईत भाड्याने घर शोधणारी आमची पोरे आठवली. देशमुख, चौगुले ही आडनावे आमच्यातही आहेत. आडनाव ऐकून घरमालक खूश होतो आणि पहिले नाव ऐकल्यावर ‘खोली कालच गेली’ म्हणतो.

ली अशाच कुटुंबातला, चौथ्या पिढीचा. तरुणपणी तो दक्षिण कोरियाच्या युवा संघाच्या शिबिराला गेला होता. तिथे आपल्याला जपानी म्हणून हिणवले गेले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. २००७ मध्ये त्याने जपानचे नागरिकत्व घेतले, पण आडनाव ‘ली’च ठेवले. त्याच समाजातला चोंग ते-से नागोयात जन्मला आणि उत्तर कोरियाकडून २०१० चा वर्ल्ड कप खेळला. ब्राझीलविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. एकाच समाजातली ही दोन मुले दोन वाटांनी गेली. आपण कुणाचे, हा प्रश्न मात्र दोघांच्याही वाट्याला आला.

मला वाटले होते, अंतिम सामन्यातल्या गोलने लीची परीक्षा संपली. देशाला कप मिळवून दिला, आता कोण काय विचारणार? पण ८ मार्च २०१४ ला उरावा क्लबच्या साइतामा स्टेडियममध्ये काही समर्थकांनी प्रवेशद्वारावर फलक लावला, ‘फक्त जपानी’. मॅच संपेपर्यंत तो तिथेच होता. त्याच वर्षी ली या क्लबकडून खेळू लागला होता. फलक लावणाऱ्यांनी काहीही कारण दिले असले, तरी आम्हाला अशा पाट्या वाचता येतात.

पुढे जे झाले ते मी विसरलेलो नाही. जपानच्या जे-लीगने क्लबला शिक्षा केली. २३ मार्चचा उरावाचा सामना प्रेक्षकांविना खेळवला. लीगच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. साठ हजारांवर माणसे बसतील एवढे ते स्टेडियम ओस पडलेले मी पडद्यावर पाहिले. चेंडूला लाथ बसल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. इंजिनियर साहेब माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते. म्हणाले, “लाज वाटते, पण हे बरे झाले.”

त्या रिकाम्या खुर्च्यांनी मला एक गोष्ट शिकवली. परीक्षा देणाऱ्याने कितीही मार्क मिळवले तरी परीक्षा संपत नसते. आमच्या अब्बांची सारी भिस्त मोठ्या टाळीवर होती. टाळी कितीही मोठी वाजवली तरी पुढच्या मॅचला पुन्हा वाजवावी लागते. परीक्षा संपते ती, घरातलाच कुणी वडीलधारा उठून परीक्षकाला ‘तू कोण विचारणारा?’ असे खडसावतो तेव्हा. आपल्याकडेही हे घडले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला धर्मावरून शिवीगाळ झाली. तेव्हा कर्णधार विराट कोहलीने जाहीरपणे त्याची बाजू घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये वानखेडेवर शमीने न्यूझीलंडचे ५७ धावांत ७ गडी बाद केले, त्याचा आनंद सगळ्यांनाच झाला. पण मला विचाराल तर कोहलीचे ते बोलणे त्या सात बळींहून मोठे आहे. बळी घेतल्यावर पाठीशी उभे राहणारे पुष्कळ भेटतात. हरल्या दिवसांत उभा राहिला तो आपला.

मोरियासूचे सांगायचे राहिले. २०२२ चा वर्ल्ड कप कतारमध्ये झाला तेव्हा तोच जपानचा प्रशिक्षक होता. २३ नोव्हेंबरला दोहात जपानने जर्मनीला २-१ ने हरवले, १ डिसेंबरला स्पेनलाही २-१ नेच. पुढे क्रोएशियाविरुद्ध पेनल्टीवर डाव संपला, पण ज्या शहराचे नाव घेताना जपानी माणूस उसासा टाकायचा, ते शहर आता त्याला हसून आठवेल. जर्मनीविरुद्ध आसानोचा गोल झाला तेव्हा माझा दोहात वाढलेला धाकटा मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडला, “आपला गोल!” त्याची अम्मी म्हणाली, “आपला कसा? जपानचा.” तो म्हणाला, “मग? मला आवडतो म्हणजे आपलाच.”

मी त्याला काही समजावत बसलो नाही. टाळी किती मोठी वाजवायची, हे या घरात आता कुणी कुणाला सांगत नाही.