कुठले गायकवाड?

मुख्याध्यापकाच्या कपाटात बरेच ग्रंथ असतात, पण लोक ज्याच्यासाठी धावत येतात तो ग्रंथ एकच : जनरल रजिस्टर. तीस-चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला गृहस्थ घामाघूम होऊन येतो आणि म्हणतो, "सर, माझा जी. आर. नंबर काढून द्या." अशा वेळी व्यास-वाल्मीकींपेक्षा आमच्या कारकुनाच्या अक्षराला मोल येते.

आमच्या वडोदऱ्यात या रजिस्टरात वारंवार भेटणारे आडनाव म्हणजे गायकवाड. मराठीत ते एकच, गुजरातीतही एकच. इंग्रजीत गेले की मात्र त्याला फाटे फुटतात. 'जी ए'च्या पुढे कोणी 'ई' लिहितो, कोणी 'आय'. शेवटी कोणी 'डी', तर जुन्या कागदांवर चक्क 'आर'. आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर एक, वडिलांच्या रेशनकार्डावर दुसरे आणि नातवाच्या दाखल्यावर तिसरे. पासपोर्टची वेळ आली की तिन्ही पिढ्या एकाच घरातल्या आहेत असे सोगंदनामे करत हिंडावे लागते. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या वाचकांना हा अनुभव नवा नसेल.

हा घोळ साहेबाच्या कानाने केला. दोन स्वरांमध्ये आलेला आपला 'ड' जिभेचे टोक उलटवून झटकन सोडला जातो. इंग्रजाला तो 'र'सारखा ऐकू आला, म्हणून 'गायकवार'. त्याआधीच्या तहनाम्यांत तर 'गुईकोवार' असे ध्यान आहे. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात हा शब्द त्याच रूपाने नोंदलेला आहे. इंग्रजांनी आणखी एक गंमत केली. घराण्याची खरी पदवी 'सेनाखासखेल शमशेर बहादूर'. पण ती जिभेला जड, म्हणून त्यांनी आडनावालाच पदवी करून टाकले. 'बडोद्याचे गायकवार' म्हणजे बडोद्याचा राजा! १८६२ साली मियागाम ते डभोई अशी बैलांनी ओढायची छोटी रेल्वे सुरू झाली. तिचे पुढे जे जाळे झाले, त्याच्याही नावात तोच 'गायकवार' जाऊन बसला. ज्या संस्थानाने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' तयार केला, त्या संस्थानाच्या धन्याचे आडनाव मात्र इंग्रजीत कधी स्थिर झाले नाही.

मूळ शब्दाची कथा घरोघर सांगतात. मावळातल्या एका किल्ल्याच्या रखवालदाराने कसायाकडे चाललेल्या गाई पाहिल्या, दाराचे कवाड उघडून त्यांना आत घेतले आणि वाचवले. म्हणून तो गायकवाड. कथा खरी की मागाहून रचलेली, हा वाद इतिहासकारांचा. मला तिच्यातले उघडलेले कवाड आवडते.

हे सगळे आठवायला कारण घडले ते आमच्याच शाळेत. बक्षीस समारंभाला आलेल्या एका पाहुण्यांनी पहिल्या आलेल्या मुलीचे नाव वाचले आणि हसत विचारले, "कुठले गायकवाड? ईवाले की आयवाले?" विचारण्यात विनोद होता, पण रोख सर्वांना कळला. 'ई' म्हणजे राजवाड्याकडचे, 'आय' म्हणजे 'दुसरे'. मुलगी खाली मान घालून बक्षीस घेऊन गेली. चार दिवसांनी ती माझ्याकडे आली. "सर, दहावीचा फॉर्म भरण्याआधी माझ्या नावात 'ई' करता येईल का?"

करता येते. अर्ज, सोगंदनामा, वरिष्ठांची मंजुरी असा रस्ता आहे. तो मी तिला सांगितला आणि मग म्हटले, "बस. आधी तुझ्या आडनावाची माणसे बघू."

पहिले सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ हा शेतकऱ्याच्या घरातला, अक्षरओळख नसलेला मुलगा. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक होऊन तो गादीवर बसला. त्यानेच १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले तेही याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. मात्र १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला परतलेल्या त्याच विद्वानाला या शहरात राहायला कोणी जागा दिली नाही. "कुठले?" हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

दुसरे भाऊराव कृष्णराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड. जिल्हा तोच नाशिक. गाव दिंडोरी तालुक्यातले आंबे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बाबासाहेबांचा नाशिकमधला उजवा हात हेच. पुढे खासदार झाले आणि १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे लढे त्यांनी उभारले. त्यांच्या इंग्रजी नावात 'आय'.

तिसरे लक्ष्मण गायकवाड. इंग्रजांनी ज्या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तिच्यात जन्मले. 'उचल्या' लिहिले आणि १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. इथेही 'आय'च.

आणि क्रिकेट? १९५९ साली इंग्लंडमध्ये भारताचे नेतृत्व करणारे दत्ताजीराव आणि १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा करणारे त्यांचे चिरंजीव अंशुमान, दोघे बडोद्याचे, दोघांनाही 'ई'. २०२४ साली, काही महिन्यांच्या अंतराने, दोघेही गेले. पण होळकर संघातून खेळलेले हिरालाल गायकवाड, १९५२ साली लखनौला एक कसोटी खेळले, त्यांनाही 'ई'च. आणि पुण्याचा ऋतुराज, २०२२ साली एकाच षटकात सात षटकार मारणारा, त्याला 'आय'. ईने धावा वाढल्या नाहीत आणि आयने कमी झाल्या नाहीत.

मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे हे स्पेलिंग कोणीतरी कारकुनाने ठरवलं?" मी म्हटले, "बहुतेक वेळा. पण त्यापुढचे तू ठरव. अर्ज दिलास तर मी सही करीन." तिने अर्ज दिला नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिचा 'आय' तसाच आहे.

वाचकांना एक व्यवहाराची विनंती. घरातले सगळे कागद एकदा समोर मांडा, इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा आणि मुलांच्या दाखल्यापासून ते पाळा. पुढचे हेलपाटे वाचतील. दुसरी विनंती व्यवहारापलीकडची. समोरच्याने आडनाव सांगितले की आपल्या ओठांवर "कुठले?" येते. परप्रांतात आपले माणूस भेटल्यावर गाव विचारणे हा आपलेपणाच आहे. पण जो "कुठले?" गाव ऐकूनही थांबत नाही, आणखी खोदत जातो, त्याचे उत्तर मुलांकडून मागू नये. आपल्या आडनावाची शरम वाटून ते पोरांनी खोडायला निघावे, इतके ते कोणत्याही स्पेलिंगमध्ये हलके नसते.