सनिंगडेल शिकवताना

उत्तर आयर्लंडचा संघर्ष मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला बरीच वर्षं शिकवला, आणि त्यातला निम्मा चुकीचा शिकवला. तारखा चुकल्या नाहीत. मार्च १९७२मध्ये ब्रिटनच्या हीथ सरकारनं तिथली स्टॉरमाँटची संसद स्थगित केली, मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांच्याकडे कारभार दिला, ऑक्टोबरात चर्चेसाठी ग्रीन पेपर आणला आणि मार्च १९७३मध्ये श्वेतपत्रिका. हे मी मुलांकडून घोटून घेतलं. पण सरकारी कागदाला मी फार झुकतं माप दिलं.

मला मसुदे आवडतात. कॉलेजात कुठल्याही समितीचं इतिवृत्त माझ्याच गळ्यात पडायचं, आणि खरं सांगायचं तर मी ते हौसेनं लिहायचो. साहजिकच त्या श्वेतपत्रिकेवर मी भाळलो. ७८ जणांची विधानसभा, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, मंत्रिमंडळात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक असे दोन्ही समाज, डब्लिनशी जोडणारी आयर्लंड परिषद. इतकं नीट लिहिलेलं कोसळलं, म्हणजे माणसंच करंटी, असा माझा निकाल.

त्यासाठी बरंच गाळावं लागलं. सप्टेंबर १९७२च्या डार्लिंग्टन परिषदेला एसडीएलपी, म्हणजे कॅथलिक राष्ट्रवाद्यांचा प्रमुख पक्ष, आला नाही. वर्गात मी त्यांना आडमुठे म्हणायचो. ऑगस्ट १९७१पासून लोकांना खटल्याविना डांबलं जात होतं, पहिल्या धरपकडीत बहुतेक सगळे कॅथलिकच होते, आणि हे थांबल्याशिवाय बोलणी नाहीत अशी त्या पक्षाची भूमिका होती. माझ्या टिपणांत यातली एक ओळ नव्हती. मसुद्यात ते बसत नव्हतं ना!

मग मार्च १९७३चा सीमेबद्दलचा कौल. ‘ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूनं ९८.९ टक्के’ असं मी फळ्यावर ठळक लिहिलं. एका मुलीनं विचारलं, “सर, पण मतदान किती झालं होतं?” मला ठाऊक नव्हतं. “पुढच्या तासाला सांगतो,” म्हणालो आणि पुढच्या तासाला दुसरंच प्रकरण काढलं. मतदान झालं होतं ५८.७ टक्के, राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला होता. तिला हे मी कधीच सांगितलं नाही.

सगळ्यात वाईट शिकवलं ते १९७४. डिसेंबर १९७३मध्ये त्याच आराखड्यावर सनिंगडेलला करार झाला आणि जानेवारीत युनियनिस्टांचे, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलंच राहू पाहणाऱ्यांचे, नेते ब्रायन फॉकनर व एसडीएलपीचे गेरी फिट यांचं सत्तावाटपाचं मंत्रिमंडळ कामाला लागलं. मे महिन्यात युनियनिस्ट कामगारांनी संप करून वीजपुरवठा आवळत नेला, आणि २८ मेला फॉकनरांनी राजीनामा दिला. मूठभर गुंडांनी लोकशाही पाडली, असं मी सांगायचो. गुंडगिरी होतीच, रस्ते अडवले, कामावर जाणाऱ्यांना धमकावलं. पण जानेवारीतच फॉकनरांच्या स्वतःच्या पक्षानं आयर्लंड परिषद फेटाळली होती, आणि फेब्रुवारीच्या सार्वत्रिक निवडणुकीत करारविरोधकांनी उत्तर आयर्लंडच्या १२पैकी ११ जागा जिंकल्या होत्या, निम्म्याहून थोडी जास्त मतं घेऊन. हे मी वाचलं नव्हतं असंही नाही. वाचून पान उलटलं होतं.

१९९८चा शांतता करार झाला तेव्हा मी स्टाफरूममध्ये ऐटीत म्हणालो, “बघा, तोच मसुदा, पंचवीस वर्षं उशिरा.” तोच कसला! व्हाइटलॉंच्या आराखड्यात बंदूकवाल्यांच्या पक्षांना जागाच नव्हती. १९९८च्या वाटाघाटीत आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेला शिन फेन होता, युनियनिस्ट सशस्त्र गटांशी जोडलेले छोटे पक्षही होते. कैद्यांच्या सुटकेचं कलम होतं. आणि शेवटी सीमेच्या दोन्ही बाजूंना सार्वमत झालं.

एक गोष्ट मात्र मी आजही पूर्वीसारखीच शिकवेन. ७ जुलै १९७२ला व्हाइटलॉ लंडनमध्ये आयआरएच्या नेत्यांना गुपचूप भेटले. त्यांच्यात तरुण गेरी अ‍ॅडम्स आणि मार्टिन मॅकगिनेस होते. खरी संधी तिथेच हुकली, असं म्हणणारे भेटतात. मला पटत नाही. १ जानेवारी १९७५च्या आत ब्रिटननं चालतं व्हावं, अशी मागणी घेऊन आलेल्यांशी तेव्हा कुठलाही मंत्री काय ठरवणार होता? दोन दिवसांत आयआरएची तेव्हा चालू असलेली शस्त्रसंधी मोडली, आणि २१ जुलैला आयआरएच्या बाँबस्फोटांत बेलफास्टमध्ये ९ जण मेले.