नातवाला घेऊन कोंभाळण्यात

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही अकोले सोडले. समोर सह्याद्रीचे निळसर डोंगर, आणि शेजारी बिस्किटांचा पुडा मांडीवर घेऊन बसलेला माझा सात वर्षांचा नातू. त्याचे वजन वयाच्या मानाने कमी असल्याचे डॉक्टरांनी नुकतेच बजावले होते. घरी प्रत्येक जेवण म्हणजे झटापट. समोर मोबाइल आणि तोंडात घास. पुडा मात्र मीच हळूच हाती देत असे.

कोंभाळणे हे राहीबाई पोपेरे यांचे गाव. भात, वाल, घेवडा, पालेभाज्या यांचे देशी वाण त्यांनी जपले. २०२० सालच्या पद्मश्रीच्या त्या मानकरी. नातवाच्या आजारपणाने या कामाकडे वळल्याचे त्यांनी सांगितले आहे. एका आजीची काळजी अशी गावभर रुजली.

घेवड्याच्या बिया पाहून नातू हरखला. काळ्या, तांबूस, ठिपक्यांच्या; तो मोजतच बसला. दुपारी ज्या घरी जेवलो, तेथील मावशींनी त्याच्या हाती टोपली देऊन वालाच्या शेंगा तोडायला पाठवले. त्याने त्या सोलल्याही. चुलीवर नाचणीची भाकरी फुगली, वालाची भाजी रटरटली. मावशींनी त्याच्या ताटात चमचाभर भाजी वाढली आणि त्या स्वतः जेवायला बसल्या. आग्रह नाही, कौतुक नाही.

त्याने एक दाणा तोंडात घातला आणि काढून ठेवला. मी बोलणार, तोच मावशींनी नजरेनेच थांबवले. भाकरी मात्र त्याने गुळातुपाशी अर्धी संपवली. नाचणीत तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते. तेवढा लाभही थोडा नव्हता.

नवी चव अंगवळणी पडायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा भेटावी लागते. काय आणि केव्हा वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे ते मुलाच्या भुकेवर सोडावे. हे मी वाचले होते, पण पाळले नव्हते.

परतल्यावर बिस्किटे आणणे मी थांबवले. आठवड्यातून दोनदा वाल शिजू लागले. सोलण्याचे काम त्याचे, शेजारी बसून जेवण्याचे माझे. दीड महिन्याने एका रात्री त्याने आपणहून वाटी पुढे केली. मी काही बोललो नाही. फक्त चमचाभर भाजी वाढली.