अष्टमीचा चंद्र

आमच्या ओटीवरील भिंतीला एका खिळ्यावर पंचांग टांगलेले असते आणि त्याच्या बरोबर खाली, कोपऱ्यात, माझी चार इंची दुर्बीण कापड पांघरून उभी असते. हा शेजार पाहणाऱ्यांस विपरीत वाटतो. देवस्थानच्या कामासाठी येणारी महाजन मंडळी पंचांगाकडे पाहून समाधान पावतात आणि दुर्बिणीकडे पाहून किंचित गोंधळतात; महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्यांचे याच्या अगदी उलट होते. तिसरा एक वर्ग आहे. दुर्बीण बाळगणारा मनुष्य पत्रिकाही पाहात असलाच पाहिजे, अशी त्याची श्रद्धा आहे. एका अशिलाने तर दाव्याच्या कागदांबरोबर मुलीची कुंडलीही माझ्यापुढे ठेवली होती. फलज्योतिष हा माझा विषय नव्हे. ग्रह माणसाचे काय करतात हे मला ठाऊक नाही. ते कोठे असतात, एवढेच पाहण्याचा मला छंद आहे. आणि ते कोठे असतात हे सांगणारे आपल्या घरांतील सर्वांत जुने पुस्तक म्हणजे पंचांग होय.

तिथी म्हणजे काय, हे आपण नित्य तिथी पाळणारे लोक क्वचितच स्वतःला विचारतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते; तीनशे साठ अंशांत अशा तीस तिथी. चंद्राची गती सदा सारखी नसते, म्हणून तिथी कधी लांबते, कधी आखडते. जुन्या गणिताचा दंडक 'बाणवृद्धी रसक्षय' असा आहे. साठ घटिकांवर पाच घटिका वाढावयाच्या किंवा सहा घटायच्या, त्यापलीकडे नाही. आजच्या सूक्ष्म गणिताने तिथी सुमारे सात घटिका वाढते आणि दहा घटिका घटते. म्हणजे ती कधी वीस तासांतच संपते, तर कधी पावणेसत्तावीस तास रेंगाळते. या दोन-चार घटिकांच्या फरकावरून महाराष्ट्रात एके काळी सभा गाजल्या आणि विद्वानांत अबोले झाले. आमच्या घरात अबोला झाला नाही, परंतु फरक मात्र शिरला.

माझे वडील बारा वर्षांपूर्वी मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात, दुपारी दोनच्या सुमारास वारले. ज्या तिथीस प्राण गेला ती मृततिथी. आमच्या गोव्याच्या घरातील पंचांग दृक्‌प्रत्ययी, म्हणजे आकाशाशी ताडून केलेल्या गणिताचे. त्यात सप्तमी दुपारी बाराच्या आधीच संपून अष्टमी लागली होती. मूळ घर बेळगावास शहापुरात. तेथे वडिलांचे धाकटे बंधू, आमचे अण्णाकाका, राहतात. ते ग्रहलाघवाच्या पद्धतीने स्वतः गणित करतात. त्यांच्या वहीप्रमाणे सप्तमी त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत होती. एकाच मनुष्याचा एकाच क्षणी दोन तिथींस मृत्यू झाला. वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा आईने मला विचारले, "तू कायद्याचा माणूस. ते नेमके कोणत्या दिवशी येणार, ते तरी सांग."

हा प्रश्न मी न्यायालयात ऐकला असता तर त्याचे उत्तर सोपे होते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे 'महिना' म्हणजे इंग्रजी कालगणनेचा महिना; १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानेही दस्तऐवजांची मुदत ग्रेगोरियन पंचांगानेच मोजावयाची आहे. कायद्याने तिथीचा प्रश्न सोडवला नाही, तो दाराबाहेर ठेवला. घरात तसे करता येत नाही.

अण्णाकाकांविषयी वाचकांचा गैरसमज होऊ नये. ते हट्टी, अज्ञ, जुनाट असे काही नाहीत. ते निवृत्त गणितशिक्षक आहेत, वय ऐंशीच्या पुढे. आणि मला आकाश दाखवले ते त्यांनीच. कृत्तिका किती मोजता येतात यावर डोळ्यांची परीक्षा घेत. त्यांची ग्रहलाघवावरची भक्तीही आंधळी नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, हा ग्रंथ रचला आणि ज्या-कोटींची सारी यातायात टाळून ग्रह काढण्याची अशी सुटसुटीत रीत दिली की पुढे शतकानुशतके आपल्याकडील बहुतेक पंचांगे तीवरच चालली. अण्णाकाका म्हणतात, "अरे, पाटीवर ग्रहण मांडता येते असा ग्रंथ जगात दुसरा दाखव." मला दाखवता आलेला नाही.

परंतु त्याच ग्रंथात माझ्या बाजूचा पुरावा आहे. गणेश दैवज्ञाने कोणत्याही एका पक्षाचे ग्रह जसेच्या तसे घेतले नाहीत. ज्याच्या गणिताने जो ग्रह आकाशात जुळतो, तो त्याचा घेतला. आणि चंद्र सौरपक्षाचा घेऊन त्यातून नऊ कला वजा केल्या. का? तर आकाशातील चंद्र तसे सांगत होता म्हणून. त्याचे वडील केशव दैवज्ञ हेही असेच वेध घेणारे. कोणत्या ग्रंथाचा कोणता ग्रह जुळतो हे त्यांनी पाहून नोंदले आणि पुढच्यांनीही तसेच पाहून गणितात दुरुस्ती करावी असे लिहून ठेवले. मी हे अण्णाकाकांपुढे मांडले; म्हटले, "तुम्ही ज्या निर्णयाचा आधार घेता, तो स्वतःच आधीच्या निर्णयात केलेली दुरुस्ती आहे." ते हसून म्हणाले, "खरे. पण ती दुरुस्ती करणारा गणेश दैवज्ञ होता, आणि तू वकील आहेस."

या कथेतील माणसे मला शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ग्रंथात भेटली. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हे १८९६ चे पुस्तक मी विद्यार्थिदशेत पुण्याच्या जुन्या बाजारात, पुठ्ठा निखळलेल्या अवस्थेत घेतले. दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. १८९८ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतबाहेर वारले. आज मी त्याच वयाचा आहे आणि ते पान उघडताना हे ध्यानात आल्यावाचून राहात नाही. परंपरेवर इतके प्रेम आणि तिच्या आकड्यांविषयी इतकी निर्दय काटेकोर वृत्ती एकाच मनुष्याच्या ठायी मी अन्यत्र क्वचित पाहिली. त्यांच्या आधी केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' दिली आणि त्यांवरून पटवर्धनी पंचांग निघाले. नंतर बागलकोटास व्यंकटेश बापूजी केतकर हे शिक्षक झाले. त्यांनी युरोपातील सूक्ष्म कोष्टके पचवून ती संस्कृतात, आपल्या जुन्या करणग्रंथांच्या घाटात मांडली. (लोकमान्यांच्या नावाचे पंचांग आणि त्याची चार दिवस आधी येणारी मकरसंक्रांत हा निराळाच विषय. तो अयनांशाचा वाद असून त्याचा तिथीशी संबंध नाही. तिथी हे सूर्यचंद्रांतील अंतर, आरंभबिंदू कोठेही घ्या, ते बदलत नाही.) स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तीत नागपूरचे दप्तरी, पुण्याचे करंदीकर, उज्जैनचे वैद्य ही आपली मंडळी होती. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. ते सरकारी कागदांवर आहे; श्राद्धपक्षाच्या दिवशी कोणी ते उघडून पाहात असेलसे वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. जुने गणित चुकते कोठे? सरसकट चुकते म्हणावे तर ते खरे नाही. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन ठिकाणी ग्रहलाघवाचा चंद्र आजही आकाशातील चंद्राशी बऱ्यापैकी जुळतो. बिघाड होतो तो दोहोंच्या मध्ये, अष्टमीच्या आसपास. याचे कारण मला प्रथम समजले त्या रात्री मला झोप लागली नाही. चंद्र कधी शीघ्र, कधी मंद चालतो, त्यासाठी जे मंदफल द्यावयाचे ते आपल्या आचार्यांनी सुमारे पाच अंश धरले. पौर्णिमा-अमावास्येस ते बरोबर पाचच असते. परंतु सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राच्या गतीत आणखी एक संस्कार उत्पन्न होतो. तो पर्वकाळी मंदफल कमी करतो आणि अष्टमीला वाढवतो. तेथे ते साडेसात अंशांपर्यंत जाते. अडीच अंशांची तफावत म्हणजे तिथीत जवळजवळ पाच तास!

मग पूर्वाचार्यांना पाच अंशच का सापडले? कारण चंद्र त्यांनी ग्रहणांवरून बसवला होता. ग्रहण पौर्णिमेला किंवा अमावास्येलाच होते, आणि ग्रहणासारखा निर्भीड साक्षीदार दुसरा नाही. सारा गाव नदीवर उभा आहे, आणि ज्योतिषाने सांगितलेल्या घटिकेला छाया लागली नाही तर त्याची लाज राहात नाही. अष्टमीला असा कोणी साक्षीदार नव्हता. जेथे उलटतपासणी झाली तेथे गणित शुद्ध राहिले आणि जेथे ती कधी झालीच नाही तेथे दोष तसाच राहून गेला. वकिलाला यात परके असे काहीच वाटू नये.

तो संस्कार आपल्याकडे कोणालाच दिसला नाही असेही नव्हे. मुंजालाने दहाव्या शतकात चंद्राला दुसरा संस्कार दिला होता. आणि ओडिशातील खंडपाड्याचे चंद्रशेखर सामंत यांनी तर एकोणिसाव्या शतकात बांबूची, लाकडाची यंत्रे घेऊन, दुर्बिणीवाचून, चंद्राचे हे संस्कार स्वतः शोधले. त्यांचा 'सिद्धान्तदर्पण' १८९९ मध्ये छापला गेला. पुरीच्या जगन्नाथाच्या देवळातील विधींच्या वेळा त्यांच्या गणितावरून ठरू लागल्या. देवस्थानांशी संबंध असलेल्या आपणांस ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी वाटावी. एवढ्या मोठ्या देवळाने एका वेधकाराचे आकडे स्वीकारले आणि त्यायोगे देवाच्या सेवेत काही उणे आले असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे सारे मी अण्णाकाकांना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले ते मला अजून पूर्णपणे खोडता आलेले नाही. त्यांनी लिहिले की ग्रहण ही दृष्ट गोष्ट आहे, तेथे डोळ्यांचेच ऐकावे. श्राद्धाचे फल अदृष्ट आहे, तेथे शब्द प्रमाण. तुझ्या आजोबांचे, पणजोबांचे पान ज्या गणिताने मांडले, त्याच गणिताने तुझ्या बापाचे मांडले तर तो त्यांच्या पंक्तीला बसेल. अनेक जुन्या पंचांगांतही ग्रहणे नव्या गणिताने आणि तिथ्या जुन्या गणिताने देतात, त्यामागे हाच विचार आहे. मी त्यावर शास्त्रार्थ केला. तिथीची व्याख्याच सूर्यचंद्रांवर केलेली असताना ती शब्दमात्र कशी, असे विचारले. युक्तिवाद माझा बळकट आहे असे मला आजही वाटते. परंतु पंक्तीची गोष्ट त्यात कोठे बसवावी हे मला कळलेले नाही.

७ सप्टेंबर २०२५ रोजी भाद्रपद पौर्णिमेस खग्रास चंद्रग्रहण झाले. रात्री दहाला दोन मिनिटे कमी असताना स्पर्श, अकराच्या सुमारास खग्रास, दीडच्या आत मोक्ष. आमच्याकडे ढगांच्या फटींतून तांबूस चंद्र मधूनमधून दिसला. दुसऱ्या दिवशी अण्णाकाकांचा फोन आला. त्यांनी गच्चीवर बसून वेळा टिपल्या होत्या आणि पाटीवरचे गणित फार चुकले नव्हते. स्वर आनंदाचा होता. मी म्हटले, "काका, पौर्णिमेला तुम्ही जिंकणारच. अष्टमीला भेटू."

आणि खरोखरच त्या हिवाळ्यात एका शुक्ल अष्टमीला मी दुर्बीण मोटारीत घालून चोर्ला घाटाने शहापुरास गेलो. अष्टमीच्या मध्यावर सूर्यचंद्रांतील अंतर नव्वद अंश होते आणि उजेड-काळोखाची सीमा चंद्रबिंबावर सरळ रेषेसारखी दिसते. आधी ती एका बाजूस वाकलेली, नंतर दुसऱ्या. दोन्ही पंचांगांत त्या दिवशी साडेतीन तासांचे अंतर होते. अशा पाहण्याने निवाडा होत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. डोंगरांच्या आणि विवरांच्या सावल्यांनी ती रेषा दातेरी होते, तासाभराची चूक सहज होते. तरी साडेतीन तास हे अंतर मोठे. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने अण्णाकाका पुष्कळ वेळ पाहात राहिले. मध्येच बाजूला होऊन त्यांनी वहीत घटिका लिहिली, पुन्हा पाहिले, पुन्हा लिहिली. काकू दोनदा जेवायला हाक मारून गेल्या. शेवटी ते म्हणाले, "रेघ तुझ्या वेळेला सरळ आहे, हे मान्य." आणि थोड्या वेळाने, जिना उतरताना, "श्राद्धाला सप्तमीलाच ये हं. भटजींना सांगून ठेवले आहे."

मी जाणार आहे. बारा वर्षे जातो आहे. सप्तमीस शहापुरात सोवळे नेसून पिंड देतो आणि रात्रीच परत फिरतो. दुसऱ्या दिवशी अष्टमीस आमच्या गोव्याच्या घरी आई वडिलांच्या नावाने पान वाढते आणि देवळातील भटांकडे शिधा पाठवते. तिने मला पुन्हा कधी विचारले नाही. यंदाच्या शिध्याचे तांदूळ तिने आत्ताच निवडून डब्यात भरून ठेवले आहेत.