केराचा आठवडा

श्टुटगार्टला येऊन तीन आठवडे झाले होते. एका सोमवारी दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची एक पाटी लटकलेली दिसली. दोरा जुना, कडा हाताळून मऊ पडलेल्या. जाहिरात असेल असं समजून मी ती आत कपाटावर ठेवून दिली. शनिवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, केरवोखं झाली का?

केर! तीन आठवडे परक्या शब्दांच्या गर्दीत वावरल्यावर हा एक शब्द असा कानावर पडला, की मी थेट पाचोऱ्याच्या आमच्या अंगणात जाऊन पोचलो. पहाटे पाचला आईच्या खराट्याचा आवाज, मग सडा, मग चुलीचा धूर. जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं आणि 'वोखं' म्हणजे आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्या आठवड्यात जिना झाडण्याची पाळी त्याची. मोठ्या पाळीत अंगण आणि घरासमोरचा रस्ताही येतो, हिवाळ्यात बर्फसुद्धा. ही रीत इथले लोक थेट १४९२ सालच्या नगराच्या नियमांपर्यंत मागे नेतात. शहराने १९८८ मध्ये आपली सक्ती उठवली, पण भाडेकरारांत ती राहिली आणि लोकांच्या अंगात तर मुरलेलीच आहे.

आजींनी त्या संध्याकाळी मला जिना झाडायला शिकवलं. वरच्या पायरीपासून सुरुवात. प्रत्येक पायरीचा भिंतीकडचा कोपरा छोट्या कुंच्याने मोकळा करायचा, कारण धूळ तिथेच दबा धरून बसते. मग ओलं फडकं, आणि शेवटी कठडा. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई तीन पायऱ्या स्वतः झाडून दाखवून बाजूला झाल्या. कमरेतून वाकण्याची त्यांची पद्धत हुबेहूब माझ्या आईची होती. काम संपल्यावर त्यांनीच पाटी समोरच्या दारावर लटकवायला लावली.

एरवीचा दिनक्रम मी लवकर शिकलो होतो. सकाळची ठरलेली लोकल, दुपारचा थंड पाव, बाटल्या यंत्रात टाकून पंचवीस सेंट परत घेणं, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवणं. सगळं बिनचूक जमत होतं. तरी मी धर्मशाळेत उतरल्यासारखाच राहत होतो. त्या शनिवारनंतर जिन्यात लोक नावाने हाक मारू लागले. समोरचा तरुण गावाला जाताना विचारू लागला, ह्या वेळची माझी पाळी तुम्ही घ्याल का?

वडिलांचं एक दुखणं मला तेव्हा उमगलं. आमचं घर स्टेशनाजवळ. पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर ही छप्पन किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, आमच्या घराचं घड्याळ होती. तिच्या शिटीवर वडील दुकानाचं कुलूप काढायचे, आई कळण्याच्या भाकरीचा तवा ठेवायची. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता तिथे मोठ्या रुळांचं काम निघालंय, त्याचा आनंदच आहे. पण वडील फोनवर म्हणाले होते, "दिवस सैल पडला रे." तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांचा दिवस गाडीने, गाडीतल्या माणसांनी आणि त्यांच्या वाट बघण्याने बांधलेला होता. ती गाठच सुटली होती.

मी आईला रोज इथल्या सकाळी सातला फोन करतो. उन्हाळ्यात तेव्हा पाचोऱ्यात साडेदहा झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग तिथे साडेअकरा. तिची जेवणाची वेळ झालेली असते, म्हणून त्या दिवसांत ती पहिलं वाक्य हेच विचारते, "जेवना का रे?" ऐन हिवाळ्यात तर इथे तेव्हा उजाडलेलंही नसतं.

२०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, शुक्रवारी आलं. त्या दिवशी इथे सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते, त्यामुळे मी घरीच होतो. नवी केरसुणी इथे कुठून आणणार? जिन्याचाच झाडू धुतला, पुसला, हळदकुंकू वाहिलं आणि दाराशी उभा करून ठेवला. आजी वर येत होत्या. त्यांनी ते लाल-पिवळे ठिपके पाहिले आणि विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे आजच्या दिवशी ही लक्ष्मी असते. त्या बराच वेळ झाडूकडे पाहत राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी त्याच्या दांडीला नुसता स्पर्श केला आणि आपल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि पाटी माझ्याच दारावर होती. कुंकू लागलेल्या त्याच झाडूने मी वरच्या पायरीपासून जिना झाडायला घेतला.