हात कुठं हायत?

शनिवार, १४ जून २०२५

माझ्या चित्रमालिकेचा भाग ३१ टाकला. चार चौकटी, काउंटरवरची कॅशियर, पेन्शनर आजोबा, विषय फाटकी नोट. पेन खाली ठेवलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तिसऱ्या चौकटीत कॅशियरचं नाक वेगळंच आलंय. टाकून झाल्यावर दिसलं. नेहमी टाकून झाल्यावरच दिसतं.

गेल्या नोव्हेंबरपासून दर शनिवारी एक, एकही खाडा नाही. पतसंस्थेच्या काउंटरला एकवीस वर्षं बसलेय, त्यामुळं विषयांना तोटा नाही. चित्रकलेचं शिक्षण मात्र इंटरमीजिएटच्या परीक्षेत बी ग्रेड, तिथंच थांबलेलं.

आजवरचे अभिप्राय असे. बहीण : मस्त. नवरा : भारी. शिपाईमामा : "मॅडम, ह्यात मीच हाय न्हवं?" सासूबाईंनी चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "त्या बाईनं केस का नाही विंचरलेत?" एकतीस भागांत खुद्द चित्राबद्दल कुणी बोललं ते एवढंच. तेव्हा मला रागच आला होता.

मंगळवार, १७ जून

भाची पुण्याहून आली आहे. उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेवणं झाल्यावर टॅब मांडीवर घेऊन म्हणाली, "मावशी, राग येणार नसेल तर सांगू?" असं विचारणाऱ्याला राग येणार हे पक्कं ठाऊक असतं. "सांग की," म्हटलं.

तिनं काही सांगितलंच नाही. एक बटण दाबून चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं. माझी सगळी माणसं एका बाजूला कलंडली. डोळे एका उतारावर, हनुवट्या दुसऱ्या, आजोबा तर मोटारसायकलवर वळण घेतल्यासारखे. रोज एकाच बाजूनं बघून डोळा सरावतो, चूक दिसेनाशी होते, उलटं केलं की ती नवी होऊन समोर येते, असं ती म्हणाली.

मी म्हटलं, "ती माझी स्टाइल आहे."

"बरं. मग हाच चेहरा दुसऱ्या बाजूला झुकवून दाखव."

पाऊण तास घालवला. जमलं नाही.

त्यानंतर तिनं कॅशियरचे केस आणि आजोबांचा चष्मा पुसून दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. जुळी भावंडं. शिवाय मी रेघ स्थिर करण्याची सोय शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेली. हाताचा कंप झाकायला. "कंप गेला मावशी, पण रेघेचा जोरही गेला. इस्त्री केल्यासारखी दिसतेय."

झोपताना मनात तिला बरंच सुनावलं. आमच्या पैशांनी... वगैरे. लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, १८ जून

नवऱ्याची समजूत : "अगं, आर. के. लक्ष्मणनासुद्धा जे. जे.नं प्रवेश नाकारला होता!" हे खरं आहे, आणि चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी ते एकदा ऐकवतंच. पण जे. जे.नं नाकारलेले आणि पुढं लक्ष्मण न झालेले किती असतील, त्यांची गोष्ट कोण सांगणार? आणि लक्ष्मणची माणसं कलंडलेली नसत. त्यांच्या कॉमन मॅनचा चौकड्यांचा कोट एवढा ओळखीचा आहे की पाठमोरा काढला तरी कुणी चुकणार नाही.

प्रेमानं बोलला, म्हणून गप्प बसले.

रविवार, २२ जून

पेंटरकाकांकडे गेले. आमच्या पतसंस्थेची जुनी पाटी त्यांच्या हातची. फ्लेक्स आल्यावर ती उतरवली, अजून स्टोअररूममध्ये भिंतीला टेकून उभी आहे, एका अक्षराचाही रंग उडालेला नाही. काकांचं काम मात्र उडालं. आता श्रावणापासून गणपतीपर्यंत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्तींची आखणी करतात, एरवी ठेवीच्या व्याजावर.

दोन भाग कागदावर छापून नेले होते. त्यांनी ते हातभर लांब धरले, मग भिंतीला टेकवून चार पावलं मागं गेले. पाटी रस्त्यापलीकडून वाचली जाते, त्या सवयीनं.

"बाई, ह्यांचे हात कुठं हायत?"

"काउंटरच्या खाली."

"आन् ह्यो शिपाई?"

"त्यानं मागं बांधलेत."

"म्हाताऱ्याचे?"

"शालीत."

काका पुढं काही बोलले नाहीत. चहा सांगितला.

मग अक्षरांवर आले, तेव्हा मात्र खुलले. माझ्या एका फुग्यात पहिल्या ओळीतल्या 'तू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'की'च्या वेलांटीत अडकला होता. मी ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणाले, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं. म्हणून आधी वरचं सूत मारायचं. दोरी खडूत घोळवून भिंतीवर ताणायची आणि टिचकी द्यायची. हवेतच बोटांनी करून दाखवलं. वर मात्रा-वेलांटीला जागा, खाली उकाराला जागा, दोन ओळींत हवा. आणि तुम्ही आधी फुगा काढून त्यात अक्षरं कोंबताय. आधी लिहा, मग लिहिलेल्याभोवती फुगा काढा. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी मोठीच अक्षरं, वर-खाली काही लोंबत नाही, म्हणून त्यांच्या ओळी खेटून बसतात. त्यांचं बघून मी माझे फुगे काढत होते.

घरी येऊन मोजलं. भाग ३२, चौकटी १२८. पुरता दिसणारा हात ९. त्यातले ५ म्हणजे एकच हात उचलून पुन्हा पुन्हा चिकटवलेला.

शुक्रवार, ४ जुलै

दहा दिवस फक्त हात.

गंमत म्हणजे माझं सगळं काम हातांचंच. काचेच्या खालच्या फटीतून दिवसभर माझ्यासमोर हातच येतात, चेहरे नंतर. आज जेवणाच्या सुट्टीत पावत्यांच्या पाठीवर काढत बसले. डेअरीचं बिल भरायला येणाऱ्या मावशी नोटा मुठीत आवळून आणतात, गुंडाळी सोडवायला बोटं आधी ताणावी लागतात. गवंडीकाम करणारा पासबुक चिमटीत, अगदी कडेला धरतो, सिमेंटचा डाग पडू नये म्हणून. पोरीच्या फीसाठी ठेव मोडायला आलेला माणूस फॉर्म पुढं सरकवतो, पण बोट त्यावरून उचलत नाही. मी फॉर्म ओढते, तो सोडत नाही. एखाद-दुसरा क्षणच, पण एकवीस वर्षं मी तो ओढत आलेय आणि तेहतीस भागांत एकदाही काढला नाही. अंगठा देणारी माणसं आता कमी झाली, तरी कुणी शाईच्या पॅडवर अंगठा टेकला की उरलेली चार बोटं कशी वर, अवघडून उभी राहतात, शाई लागू नये म्हणून. हे चित्र मला कुठल्या पुस्तकात मिळणार होतं?

काढता मात्र येत नाहीत. अंगठा कुठून फुटतो तेच चुकतं. मी तो बोटांच्या रांगेत बसवत होते, तो मनगटाजवळून, वेगळ्याच दिशेनं येतो.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, चाळीस हात. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "वांगी छान आलीत."

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. आणि शि. द. फडणीसांच्या जन्माला आज शंभर वर्षं झाली. गाव भोज, आपल्या निपाणीच्या बाजूचं. मासिकाच्या मुखपृष्ठावरचं त्यांचं ते चित्र आठवलं, तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी, तरुणाच्या शर्टावर मांजरांची. खाली एक शब्द नाही, लागतही नाही. लहानपणी दिवाळी अंकांत त्यांची चित्रं बघताना हे किती अवघड असेल असं वाटायचंच नाही.

म्हणून आज एक खेळ केला. येत्या शनिवारच्या भागातले फुगे कागदाच्या कपट्यांनी झाकले आणि शिपाईमामांना विचारलं, "काय चाललंय सांगा." कसं आहे ते नाही विचारलं. तसं विचारलं की माणूस 'छान' म्हणून मोकळा होतो.

मामा म्हणाले, "बाई हाय. म्हातारा हाय. बोलाय लागलेत."

दुसरी चौकट?

"बोलाय लागलेत."

तिसरी?

"अजून बोलतातच की."

चौथीत आजोबा रागावून निघून जातात. मामांना ते दारात उभे राहून पावसाची वाट बघतायत असं वाटलं. म्हणजे चौकटी चार आणि घडत काहीच नाही, सगळं काम शब्दांनी केलं. भाचीचे टोमणे मला लागले होते. मामांनी टोमणा मारलाच नाही, दिसलं तेवढं सांगितलं, आणि मी रात्री दोन चौकटी पुसल्या.

रविवार, ३ ऑगस्ट

वरच्या मजल्यावरचा मुलगा चित्रकथेची पानं घेऊन आला. दहावीत आहे. फोनवर बोटानं काढतो. एका मुलाची आणि भटक्या कुत्र्याची गोष्ट, बारा पानं झालीत. "काकू, तुम्ही पण काढता ना, जरा बघता का? खरं खरं सांगा."

खरं खरं सांगितलं. त्यानं सात वाजता पानं दिली, साडेआठपर्यंत सतरा मुद्दे लिहून त्याच्या फोनवर पाठवले. चेहरे कलंडलेत. उलटं करून बघ. सगळ्यांचा चेहरा एकच आहे. हात कुठं आहेत? (हो, हेसुद्धा!) फुग्यांत हवा नाही. रेघेला जोर नाही. लिहिताना फार छान वाटत होतं. आपल्याला किती कळतं असं वाटत होतं.

बुधवार, ६ ऑगस्ट

उत्तर नाही. दोन निळ्या खुणा आहेत.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. भाग ३९ टाकला. जिन्यात त्याची आई भेटली, हातात नारळीभाताचा डबा. "बरं झालं बाई तुम्ही बोललात. त्यानं ते चित्रांचं खूळ सोडलंय. दहावीचं वर्ष आहे." डबा माझ्याच हातात दिला. आभार म्हणून.

भात गोड लागला नाही.

रविवार, १० ऑगस्ट

वर गेले. तो पुस्तक उघडं ठेवून बसला होता, वाचत नव्हता. मी म्हटलं, सतरा मुद्दे पाठवले ते चुकलं. त्यातले निम्मे माझ्या स्वतःच्या चित्रांबद्दलचे होते, तुझ्या अंगावर ढकलले. बारा पानं वाचून मी एकदाही हसले का, कुठं थांबले का, हे सांगितलंच नाही.

"थांबलात?"

"पाचव्या पानावर. कुत्रा जिन्यात बसून कडीचा आवाज ऐकतो तिथं. त्याचे कान एवढे नीट काढलेस की कडी न काढताही ऐकू आली."

तो जरा सरळ बसला. मग भांडायला लागला, ते बरं वाटलं. म्हणाला, चित्रं चांगली असायलाच पाहिजेत असं कुठं आहे? 'वन पंच मॅन' हे कॉमिक २००९ मध्ये इंटरनेटवर सुरू झालं तेव्हाची चित्रं बघा, शाळेच्या वहीत काढल्यासारखी. तरी लोकांनी वाचलं. २०१२ पासून युसुके मुरातानं ते नव्यानं काढलं, पण गोष्ट मूळ लेखक 'वन'चीच. मला नाव ऐकून माहीत होतं. त्यानं जुनी पानं उघडून दाखवली. चित्रं खरंच ओबडधोबड. पण कोण कुठं उभा आहे, कुणी कुणाला मारलं, हे एकदाही विचारावं लागत नाही. तसं म्हटलं.

"मग माझ्यात विचारावं लागतं?"

"एकदाच. सातव्या पानावर कुत्रा गच्चीत कुठून आला, ते मला कळलं नाही."

"ते नवव्या पानावर कळतं, काकू. मुद्दाम ठेवलंय."

नववं पान पुन्हा बघितलं. खरंच कळतं. मीच भरभर वाचलं होतं.

शनिवार, १६ ऑगस्ट

पेंटरकाकांना भेटायला कुंभार गल्लीत. पाऊस, वर ताडपत्री, रंगाचा वास, रांगेनं बसलेले बिनडोळ्यांचे गणपती. आखणी चालू होती. काका मूर्तीच्या नाकाशी नाक लावून बुबुळ भरत होते, आणि कारखानदाराचा सात-आठ वर्षांचा नातू दारात पायरीवर उभा होता. एक मूर्ती झाली की काका मागं न बघता विचारत, "कुठं बघतोय?"

"माझ्याकडं."

पुढची.

"कुठं बघतोय?"

"तुमच्या डोक्यावरनं पल्याड."

काकांनी ओल्या फडक्यानं डावं बुबुळ पुसलं आणि पुन्हा भरलं. मी विचारलं, त्याला काय कळतं त्यातलं? "त्याला काय कळाय लागतंय? जवळनं मला कळत न्हाय, लांबनं त्याला दिसतंय. कुठल्या डोळ्याचं चुकलं ते माझं मी बघतो."

भाग ४० तिथंच मोबाइलवर दाखवला. ह्या वेळी मागं न जाता तसाच धरून म्हणाले, "हात आलेत." बरे की वाईट, ते सांगितलं नाही. पुढचा गणपती ओढला.

शनिवार, २३ ऑगस्ट

भाचीला फोन केला, जूनमधल्या त्या रात्रीबद्दल. तिला काही आठवतच नव्हतं. "तू चिडली होतीस?" म्हणाली.

वरच्या मुलानं तेरावं पान पाठवलं. माझ्या सतरा मुद्द्यांपैकी एकच घेतलाय, फुग्यांत हवा सोडलीय. चेहरे तसेच कलंडलेले. कुत्र्याचे कान आणखी छान झालेत.

भाग ४१ टाकला. ठेव मोडणारा माणूस, बोट न उचललेला फॉर्म, फुगा एकच. कॅशियरचे केस विंचरलेले आहेत, सासूबाईंना दाखवले. हात सहा. त्यातले दोन बरे.